नावनमधली मंगोलांची शिकवणी

२५ मार्च २०२०, नावन, आयर्लंड

पाडवा. मॉपच्या दांड्याला मुक्ताची पैठणी, वर उलटा स्टीलचा पेला. कडुनिंब नाही, म्हणून ओव्याची पानं चावली. रेवा सोळा दिवसांची. तिला गुढी दाखवली, ती झोपली होती.

जावई जयेशने फोनवर पंचांग उघडलं आणि विचारलं, आई, शके १९४२ मधलं शके म्हणजे नक्की काय? झालं! मी सुरू. शक म्हणजे उत्तरेच्या गवताळ मुलखातून घोड्यांवरून आलेले लोक, आपल्या सातवाहनांनी त्यांना इथे हरवलं, पण कालगणनेला नाव राहिलं त्यांचंच. हरलेल्यांचं नाव आपण दरवर्षी गुढीखाली घेतो! जयेश म्हणाला, "हो का," आणि बाटली गरम करायला गेला. मुक्ता म्हणाली, "आई, लेक्चर नको गं." चिडून नव्हे. बाळंतीण आहे, दमलेली.

चौतीस वर्षं कॉलेजात शिकवलं. जीभ थांबत नाही. माझं परतीचं तिकीट वीस एप्रिलचं. भारताने विमानं बंद केली आहेत.

२८ मार्च

घरापासून दोन किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. सरकारी हुकूम. मुक्ताने फोनवर गोल काढून दाखवला. त्यात बॉइन नदीचा एक तुकडा येतो, एक सुपरमार्केट, एक बंद शाळा.

नागपूरला वसतिगृहात माझ्या पलंगाशेजारी आशियाचा नकाशा होता. हंगेरीपासून मांचुरियापर्यंत एकच हिरवा पट्टा. मी वितीने मोजायची. साडेपाच विती नुसतं गवत! माझी रूममेट विजयालक्ष्मी म्हणायची, अलके, गवतावर कोणी पीएच.डी. करतं का?

११ एप्रिल

आज एक नवल. मागच्या बागेत रेवाचे कपडे वाळत घालत होते. भिंतीपलीकडे एक बाई फोनवर बोलत होती. भिंत माझ्या खांद्याएवढी. चेहरा दिसला नाही, आवाज ऐकला. घशातून येणारा 'ख', शब्दांची शेपटं गिळलेली. मी ओलं दुपटं हातात धरून उभीच राहिले. हे मी ऐकलेलं आहे! चाळीस वर्षांपूर्वी विजयालक्ष्मीच्या ट्रान्झिस्टरवर, खरखरीतून, उलानबातर रेडिओ.

फोन संपल्यावर मी इंग्रजीत विचारलं, तुम्ही कुठल्या? ती दचकली. "चायना," म्हणाली आणि घाईने आत गेली.

चायना नाही. मला माहीत आहे.

१९ एप्रिल

आठवडाभर ती दिसली नाही. आज दिसली. मी हिय्या केला आणि भिंतीवरून म्हटलं, "साइन बैना ऊ?" म्हणजे, बऱ्या आहात ना? तिच्या हातातला चिमट्यांचा डबा तसाच राहिला. मग तिने उत्तर दिलं. पण माझं मंगोल तीन शब्दांनंतर संपतं. मग काय झालं कोण जाणे, तोंडातून रशियन आलं. छत्तीस वर्षांनी! व्याकरण पार मोडलेलं. ती तोंडावर हात ठेवून हसली. तिला रशियन शाळेत सक्तीचं होतं, शेवटपर्यंत.

नाव ओयुन. वय सत्तेचाळीस. शेजारच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली आहे. तेरा वर्षांची मुलगी, सारनाई. नवरा कधीच इंग्लंडला निघून गेला. दिवसा ती दोन गल्ल्यांपलीकडे एका आयरिश म्हातारीला सांभाळते. चायना का म्हणालीस, ते मी विचारलं नाही.

आत आले तर मुक्ता स्वयंपाकघराच्या खिडकीत. "आई, तू रशियन बोलत होतीस?"

"कॉलेजात शिकले होते."

"मला हे माहीतच नाही." रेवाला थोपटत थोपटत ती माझ्याकडे पाहत राहिली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा पाहिल्यासारखी.

२ मे

आज सगळं नागपूर आठवतं आहे. लिहूनच टाकते.

एकोणीसशे ऐंशी. विद्यापीठाच्या ग्रंथालयात दुपारी दोन ते पाच पंखा बंद, वीज वाचवायची म्हणून. पुस्तकाच्या पानावर घाम पडू नये म्हणून मनगटाला रुमाल बांधून वाचायची. माझे गाइड दत्तात्रय सर. त्यांचा विषय कुशाण. मी त्यांच्याकडे कनिष्कासाठी गेले आणि मागे मागे सरकत मंगोलियात पोचले. कारण कनिष्काचे पूर्वज युएची, मुळात चीनच्या सीमेवरचे. त्यांना तिथून हुसकलं मंगोलियातल्या शिउंगनू टोळ्यांनी. मंगोलियाच्या पठारावर एकाने दुसऱ्याला धक्का दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि दीड-दोनशे वर्षांनी तो धक्का मथुरेत येऊन पोचला. सर म्हणाले, "अलकनंदा, भारताचा इतिहास गंगेच्या काठावरून सगळेच वाचतात. तू घोड्याच्या पाठीवरून वाच."

त्या वाक्यावर मी चार वर्षं जगले.

साधनं बहुतेक रशियनमध्ये. म्हणून धंतोलीत संध्याकाळचा रशियन वर्ग. आम्ही सहा जण, त्यातले चार भिलाईच्या रशियन मदतीच्या पोलाद कारखान्यात नोकरी मिळावी म्हणून. वर्ग सुटला की नंदकुमार स्कूटर घेऊन खाली उभा असायचा. लग्नाआधीही आणि नंतरही. अंबाझरी तलावापर्यंत जायचो, मी मागे बसून रशियन धातू चालवायची. तो म्हणायचा, तुझे मंगोल माझ्या मानगुटीवर बसलेत. त्याला जाऊन चार वर्षं झाली. स्कूटरचा आवाज अजून कानात आहे.

१७ मे

ओयुनने थर्मासमधून चहा दिला, भिंतीवरून. दूध घातलेला, खारट! पुस्तकात शंभरदा वाचला होता. चव अशी असेल वाटलं नव्हतं. दोन पेले प्यायले.

६ जून

ओयुनने आज एक गोष्ट मागितली.

तिच्या लहानपणी शाळेत चंगीजखानाचं नाव घ्यायची बंदी होती. देश रशियाच्या मुठीत, रशियाला आवडत नसे. पुस्तकात त्याच्यावर चार ओळी, त्याही शिव्यांच्या. ती सतरा वर्षांची झाली तेव्हा बंदी उठली, पण तेव्हा तिची शाळा संपली होती. पुढे लागोपाठ दोन-तीन झुद आले. झुद म्हणजे असा हिवाळा की गवतावर बर्फाचं कवच चढतं आणि जनावरं उभ्या-उभ्या उपाशी मरतात. वडिलांची चारशे मेंढरं आणि सगळे घोडे गेले. त्यानंतर ती डब्लिनला आली, दोन हजार तीनमध्ये.

आता सारनाई. शाळेत ती स्वतःला सारा म्हणवते. इतिहासाच्या पुस्तकात मंगोलांवर अर्धा परिच्छेद: आले, जाळलं, मारलं. वर्गात कोणीतरी विचारलं, ते तुमचेच लोक ना? तेव्हापासून तीही सांगते, मी चायनीज.

ओयुन म्हणाली, "तुम्ही तिला शिकवा."

मी म्हटलं, मी परकी. मी तो देश पाहिलेलाही नाही.

ती म्हणाली, "तुम्ही वाचलंय. आम्हाला वाचू दिलं नाही."

रात्रभर नव्हे, पण संध्याकाळभर मी हेच घोळवत बसले. उद्यापासून सुरू.

७ जून

भिंतीच्या अलीकडे माझी खुर्ची, पलीकडे तिची. सारनाई हाताची घडी घालून बसली. इंग्रजी अस्सल नावनचं. म्हणाली, "ममाने मला विचारलंच नाही, तिने ठरवून टाकलं." मी म्हटलं, बरोबर आहे, माझ्याही मुलीला मी कधी विचारलं नाही. ती जराशी हसली. वीस मिनिटं टिकली.

२१ जून

कालपासून युएची आणि कुशाण. पंधराशे मैलांची ती ढकलाढकली भिंतीवर खडे मांडून दाखवली. शेवटचा खडा मथुरेचा. सारनाई म्हणाली, "म्हणजे माझ्या लोकांनी हाकललेले लोक तुझ्याकडे येऊन राजे झाले?" अगदी तसंच, म्हटलं. "दॅट्स गॅस," म्हणाली. इथल्या पोरांच्या बोलीत म्हणजे भारी गंमत आहे. आज पन्नास मिनिटं.

ओयुन मला 'बग्श' म्हणते. म्हणजे गुरुजी. आपल्याकडचा 'बक्षी' याच शब्दाचा नातलग, फौजेच्या दप्तरातून आलेला. हे सांगितल्यावर तिने तो शब्द दोन-तीनदा उच्चारून पाहिला. बक्षी. बक्षी.

२४ जुलै

राणी मंदुखाईचा धडा. विधवा, तेहतीस वर्षांची. चंगीजखानाच्या घराण्यातला शेवटचा वारस सात वर्षांचा, आजारी. बलाढ्य सरदार लग्नाची मागणी घालत होता, तिने नाकारली. त्या मुलाला गादीवर बसवला, त्याला पेटीत घालून घोड्याला बांधला आणि स्वतः लढाईला गेली. मोडलेलं राज्य सांधलं. पुढे जुळी पोटात असताना रणात घोड्यावरून पडली, तिच्या लोकांनी भोवती कडं केलं, तिला उठवलं, ती परत घोड्यावर बसली.

सारनाईने हाताची घडी सोडली होती. ओयुन दारात उभी राहून ऐकत होती. मला वाटलं तिला ही गोष्ट माहीत असेल. तिला अर्धीच माहीत होती. तिच्या आजीने सांगितलेली, चुलीशी, हळू आवाजात.

मुक्ताही खिडकीत होती. लॅपटॉपवर मीटिंग चालू, एक कान इकडे. जेवताना विचारलं तिने, मग त्या जुळ्यांचं काय झालं? जन्मली, म्हटलं, धडधाकट.

इतकं छान वर्षानुवर्षांत वाटलं नव्हतं. खोटं कशाला लिहू.

४ ऑक्टोबर

आज सारनाईने विचारलं, "तू गेली होतीस का तिकडे?" नाही, म्हटलं. जायची शिष्यवृत्ती होती, पण ती दिल्लीच्या एका मुलीला दिली, तिचा वशिला होता.

छत्तीस वर्षं हेच सांगत आले आहे. आज एका पोरीलाही तेच सांगितलं. निदान इथे तरी खरं लिहावं.

शिष्यवृत्ती मलाच मिळाली होती. एक वर्ष उलानबातर विद्यापीठ. पत्र आलं १२ जुलै १९८४ ला. सप्टेंबरमध्ये मॉस्कोमार्गे निघायचं. मला तिसरा महिना होता. पत्र मी पोस्टमनच्या हातून घेतलं, घरी कोणी नव्हतं. दोन दिवस ब्लाउजमध्ये ठेवलं. मग नकाराचं पत्र स्वतः टाइप केलं आणि सीताबर्डीच्या पोस्टात टाकलं. कोणी अडवलं नाही. नंदकुमार तर म्हणाला असता, जा, बाळंतपणाला परत ये, पोर मी आणि आई बघू. तो नक्की असंच म्हणाला असता. म्हणूनच त्याला सांगितलं नाही! तो हो म्हणेल याची भीती वाटली मला.

मुक्ता पोटात होती हे कारण खरं. पूर्ण नाही. मी घाबरले. उणे तीस थंडी, एकटी, परकी भाषा, आणि चार वर्षं ज्याच्यावर प्रेम केलं तो मुलूख प्रत्यक्षात वेगळाच निघाला तर? पण पुढे कितीदा तरी, विशेषतः ती लहान असताना, रात्री तापाने रडायची तेव्हा, माझ्या मनात आलं आहे की ही दीड-दोन वर्षं उशिरा आली असती तर. कितीदा ते मोजलं नाही. एकदा असं मनात आलं असताना तिने माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांची होती. तिला काय कळलं कोण जाणे. माझ्यापासून दूर जाऊन बसली.

घरात सगळ्यांनी ती दिल्लीची मुलगी खरी मानली. मुक्ता तर शाळेच्या निबंधात लिहून आली होती, माझ्या आईवर अन्याय झाला.

२२ ऑक्टोबर

पुन्हा सगळं बंद, आता पाच किलोमीटर. शाळा चालू आहेत. भिंत आहेच.

१६ जानेवारी २०२१

ओयुनची म्हातारी गेली. करोना. तिचा मुलगा कॉर्कहून आला, घराला कुलूप लावलं, ओयुनचे आभार मानले. काम संपलं.

संध्याकाळी ओयुन भिंतीशी आली. मग तिने सांगितलं. आली तेव्हा भाषाशाळेचा व्हिसा होता, तो दोन वर्षांनी संपला. त्यानंतर काहीच नाही. तिचे कागद नाहीत, मुलीचेही नाहीत. म्हणून चायना. गावात खूप चायनीज, कोणी पुढे विचारत नाही. देश सोडला तर परत येता येणार नाही, म्हणून ती सतरा वर्षं देशाबाहेर गेलेली नाही.

मी इथे पाहुणी, नव्वद दिवसांची. माझा मुक्काम सरकारने घरबसल्या वाढवून दिला, एकदा नव्हे, अनेकदा. मी एक अर्जसुद्धा केला नाही.

हे मुक्ताला सांगितलं. तिने आणि जयेशने ठरवलं, रेवाला दिवसा ओयुनकडे ठेवायचं. मी आहे की, म्हटलं. मुक्ता म्हणाली, "तू आहेस गं, पण ओयुनला काम हवं ना." माझी लेक!

२४ एप्रिल

नागपूरच्या बातम्या बघवत नाहीत. माझे दीर, शिरीष भावजी, ऑक्सिजनवर. विजयालक्ष्मी गेली. तिचा मुलगा फोनवर म्हणाला, स्मशानात नंबर लावावा लागला. मी नकाशावर विती मोजताना ती पलंगावर बसून पेरू खात असायची, तेवढंच सारखं दिसतं आहे.

३ मे

भावजी घरी आले. बोलता येत नाही, पण आले.

२० मे

शाळेत सारनाईचं सादरीकरण झालं. विषय मंदुखाई. तिने सुरुवातीलाच सांगितलं म्हणे, माझं नाव सारा नाही, सारनाई. ते मंगोल आहे, आणि मीही. घरी आल्यावर काय झालं विचारलं तर, "इट वॉज ग्रँड." बस एवढंच. पण ओयुनने सांगितलं, बाईंनी तिला पुढच्या वर्गातही तेच करायला बोलावलं. ओयुन हे मला रशियनमध्ये सांगत होती आणि मध्येच मंगोलमध्ये घुसली, तिला कळलंच नाही. मी थांबवलं नाही.

१४ ऑगस्ट

ओयुनची आई गेली. मंगोलियात, आर्खांगाई प्रांतात, तंबूतच. अठरा वर्षांत भेट नाही. फोनवर अंत्यविधी पाहिला, मध्ये मध्ये चित्र अडकत होतं.

सकाळी ती बागेत आली. वाटीत दूध, हातात लाकडी चमचा. चार दिशांना दूध उडवलं. मी याबद्दल एक अख्खं प्रकरण लिहिलेलं आहे, प्रबंधात, तळटीपांसह. आज कळलं की त्यात काहीच नव्हतं. भिंतीच्या अलीकडे हात जोडून उभी राहिले. मुक्ता रेवाला कडेवर घेऊन आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

३ डिसेंबर

बातमी! ज्यांच्याकडे कागद नाहीत आणि जे वर्षानुवर्षं इथे राहताहेत, त्यांना सरकार कायदेशीर करणार. नव्या वर्षात अर्ज घेणार. ओयुन भिंतीला वळसा घालून प्रथमच पुढच्या दाराने आली. बेल वाजवली. आत येऊन खुर्चीवर बसली. सारनाईच बोलत होती, सगळं दोनदोनदा.

९ डिसेंबर

वकीलबाईंकडे गेलो, सगळेच. जयेशने गाडी काढली. ओयुन सलग इथेच राहत होती हे दाखवायला हवं. आधीच्या वर्षांचं काही ना काही आहे, दवाखान्याच्या चिठ्ठ्या, शाळेच्या सह्या. पण गेली दोन वर्षं कोरी! भाडेकरार दुसऱ्याच्या नावाने. म्हातारी वारली, तिचा मुलगा फोन उचलत नाही. शाळा बऱ्याचदा ऑनलाइन.

वकीलबाई पेन खाली ठेवून बसल्या होत्या. तेव्हा सारनाई म्हणाली, "पण हिने सगळं लिहून ठेवलंय. तारखांसकट. मी खिडकीतून रोज बघते."

सगळे माझ्याकडे वळले.

वकीलबाई म्हणाल्या, एवढ्यावर भागणार नाही, पण त्या काळात हाताने लिहिलेली वही म्हणजे मोठा आधार. शेजाऱ्याचं प्रतिज्ञापत्र आणि सोबत वह्यांचं इंग्रजी भाषांतर. निवडक पानं नकोत, संशय येतो. अख्ख्या वह्या हव्यात, जशाच्या तशा.

"भाषांतर मी करते," मुक्ता म्हणाली. "आईचं अक्षर मलाच लागतं."

१२ डिसेंबर

चार ऑक्टोबरचं पान दोनदा उघडलं. पान शिवणीजवळ धरलं, फाटलं असतं सहज. पण वही मध्ये शिवलेली आहे, एक काढलं तर त्याच्या जोडीचं पान सैल होतं. जोडीचं पान सात जूनचं, ओयुनच्या उपयोगाचं. आणि ते नसतं तरी फाडलं नसतं.

मुक्ताला आधी स्वतः सांगावं, असं सकाळी ठरवलं. ती रेवाला बूट घालत होती. मी दारापर्यंत गेले. म्हटलं, पोळ्या करू का? ती म्हणाली, कर ना. असं आहे माझं धाडस.

१४ डिसेंबर

हे सुट्या कागदावर. वह्या मुक्ताला दिल्या, एकही पान न काढता. ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली आहे, मी शेजारच्या खोलीत. सकाळपासून टाइप करते आहे. पहिल्या पानांना दोनदा मोठ्याने हसली. जुलै झाल्याचं तिने ओरडून सांगितलं.

टायपिंग थांबलं आहे. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती इकडे येते आहे.